जे दोनदा दाबलं की जामनेर

या शनिवारी जरा धंद्याचं बोलू. इकडचं-तिकडचं बरंच झालं. विषय रुक्ष वाटेल, पण ज्यांनी कधी ना कधी ऑनलाइन फॉर्म भरलाय, म्हणजे आपण सगळेच, त्यांचा याच्याशी संबंध आहे. आणि जे माझ्यासारखे वेब पानांमागचा कोड लिहून पोट भरतात त्यांचा तर आहेच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढे वाचायला मजा येईल. पान न हलवता मागच्या मागे सर्व्हरवरून डेटा आणायची सोय आपल्या हातात आली त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्या सोयीबरोबर ब्राउझरची एक जबाबदारीही आपल्याकडे आली. ती मात्र आपण अजून नीट उचललेली नाही. आणि याचा भुर्दंड बाणेर-बालेवाडीत फायबरवर बसलेल्याला पडत नाही, तो पडतो जामनेरला.

जामनेर म्हणजे आमचं गाव. जळगाव जिल्हा, कांग नदीच्या काठी. आमच्या तालुक्यातून अजिंठ्याला जायला रस्ता आहे, एवढं सांगितलं की पुण्यातले लोक 'हां हां' म्हणतात.

तर थोडा इतिहास. १९९५ साली ब्रेंडन आइकने नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला, ही गोष्ट आपल्या धंद्यात प्रत्येकाने ऐकलेली असते. तेव्हा पानावर एक ओळ जरी नवीन हवी असली तरी अख्खं पान पुन्हा मागवावं लागायचं. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक्सएमएलएचटीटीपी नावाचा एक तुकडा घातला. कशासाठी, तर त्यांचं आउटलुक ब्राउझरमध्ये चालावं म्हणून! पुढे चार-पाच वर्षं बाहेरच्या जगात त्याची फारशी चर्चा झाली नाही. मग १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या प्रकाराला 'एजॅक्स' असं नाव दिलं. नाव मिळाल्यावर काय, जो तो एजॅक्स करायला लागला. २००६ मध्ये जेक्वेरी आली आणि ते दोन ओळींचं काम झालं.

आता यात आपण गमावलं काय ते बघा. जुन्या पद्धतीत वाट बघायला लागायची, पण वाट बघतोय हे स्पष्ट दिसायचं. पान पांढरं पडायचं. कोपऱ्यातला लोगो फिरायचा. खाली पट्टीवर काय चाललंय ते लिहून यायचं. कंटाळा आला तर 'स्टॉप'चं बटण होतं. लाइन तुटली तर 'पान दाखवता येत नाही' असं ब्राउझर तोंडावर सांगायचा. रूप काही गोंडस नव्हतं, पण खोटं बोलायचा नाही बिचारा. मागच्या मागे डेटा आणायला लागलो तसं हे सगळं ब्राउझरने करायचं बंद केलं. त्याच्या दृष्टीने पान कधीच येऊन बसलंय. आता वाट दाखवायची ती तुम्ही, अपयश सांगायचं ते तुम्ही, थांबवायचं बटण द्यायचं तेही तुम्हीच. आणि आपण काय दिलं, तर गोल फिरणारं एक चक्र.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी मूळ प्रकार काय आहे ते सांगतो. पिठाच्या गिरणीत आपण काय करतो? डबा ठेवतो आणि बाजारात जातो. दळण झालं की परत येऊन डबा घेतो. गिरणीवाल्यासमोर तासभर उभं राहायची गरज नाही. यालाच असिंक्रोनस म्हणतात, बाकी नाव मोठं. 'दळण झालं की हे कर' अशी जी सूचना आपण ठेवून जातो तो कॉलबॅक.

जावास्क्रिप्टला हे असं करावंच लागतं, कारण पानाचा सगळा कारभार एकाच धाग्यावर चालतो. आमची पीजे ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, नॅरोगेज, एकेरी लाइन. २०२० च्या लॉकडाउनपर्यंत धावत होती. एकेरी लाइनवर गाडी मध्येच उभी राहिली की मागचं-पुढचं सगळं खोळंबलं. तसंच सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत स्क्रिप्ट जागेवर थांबून राहिली तर बटण दाबलं जात नाही, पान वर-खाली सरकत नाही, सगळंच गोठतं. म्हणून डबा ठेवायचा आणि लाइन मोकळी करायची. इथपर्यंत कुणाचाच वाद नाही.

वाद पुढे आहे. गिरणीत तुम्ही एक डबा ठेवलात तर काही प्रश्न नाही. पण आमच्याकडे घरातून तीन डबे जातात. एक गव्हाचा, एक ज्वारीचा आणि एक कळण्याचा. (कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले. कळण्याची भाकरी आणि ठेचा ज्याने खाल्ला नाही त्याच्याशी मी खानदेशाबद्दल वाद घालत नाही.) आता डबे ज्या क्रमाने दिले त्याच क्रमाने दळून मिळतील असं गिरणीवाल्याने कधीच कबूल केलेलं नसतं. म्हणून तर डब्यावर चिठ्ठी लावतात.

आपल्या कोडमध्ये ही चिठ्ठी नसते.

मागच्या दिवाळीत गावी होतो तेव्हाची गोष्ट. एका दोस्ताचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, जे येईल ते. दिवसाला पन्नास-साठ लोक येतात. मी आपला चहा पीत बसलो होतो. एका दाखल्याचा अर्ज भरून झाला, प्रिंट निघाली आणि समोरचे काका कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "भो, मी आसोद्याचा कधी झालो?" काका पहूरचे. पहूर जामनेर तालुक्यात. आसोदा जळगाव तालुक्यात. आसोदा बहिणाबाईंचं माहेर म्हणून आम्हाला कितीही आदराचं असलं तरी काकांना पहूरच हवं होतं! दोस्त मला म्हणाला, "हे असं होतंच राह्यतं. जामनेरवाल्यांचंच जास्त होतं. चाळीसगाववाल्यांचं नाही होत."

जामनेरवाल्यांचंच होतं आणि चाळीसगाववाल्यांचं होत नाही, असं ऐकल्यावर कुठल्याही प्रोग्रामरचा चहा गार होणार. साइट कुठली ते सांगत नाही. एकाच साइटचा दोष असता तर लिहिलंही नसतं.

मी त्याला पुन्हा फॉर्म भरायला सांगितला आणि हात बघत बसलो. दिवसाला साठ फॉर्म भरणारा माणूस माउसला हात लावत नाही. तालुक्याच्या खोक्यात आला की तो जे दाबतो. तालुक्यांची नावं त्या यादीत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. जळगाव जिल्ह्यात तालुके पंधरा, त्यात जे वरून सुरू होणारे दोनच, जळगाव आणि जामनेर. एकदा जे दाबलं की जळगाव, दोनदा दाबलं की जामनेर. दोन दाबण्यांत पाव सेकंदाचंही अंतर नाही. पण पानावरच्या स्क्रिप्टच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र निवडी आहेत. पहिल्या जे ला तिने सर्व्हरला सांगितलं, जळगाव तालुक्यातली गावं पाठव. दुसऱ्या जे ला सांगितलं, जामनेरची पाठव. गिरणीत दोन डबे गेले, चिठ्ठी एकावरही नाही.

आता बहुतेक वेळा जळगावची यादी आधी येते, लगेच तिच्या जागी जामनेरची येते आणि कुणाला काही कळतही नाही. पण ही दोन उत्तरं क्रमाने येतील अशी हमी कुणीच दिलेली नाही. ब्राउझर एकाच सर्व्हरशी अनेक कनेक्शन उघडतो, जुन्या एचटीटीपी १.१ मध्ये साधारण सहापर्यंत. त्यातल्या एकावर पाकीट हरवलं, पुन्हा पाठवावं लागलं, की ते उत्तर मागे पडलं. एचटीटीपी २ मध्ये कनेक्शन एकच, पण तिथेही सर्व्हरला जे आधी तयार होईल ते आधी निघतं. दुपारी बाराला, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा क्रम उलटायला कितीसा वेळ लागतो?

उलटला की काय होतं बघा. जामनेरची यादी आली. दोस्ताने पहूर निवडलं आणि तो पुढच्या रकान्यात गेला, डोळे आता आधार नंबरवर. मागे जळगावची यादी रमतगमत आली. स्क्रिप्टने इमानेइतबारे जुनी यादी पुसली, नवी भरली, आणि नव्या यादीतलं सगळ्यात वरचं नाव आपोआप निवडलं गेलं. वर तालुका जामनेर, खाली गाव जळगाव तालुक्यातलं. कुठेही लाल अक्षर नाही, कुठेही चूक दाखवलेली नाही. चाळीसगाववाल्याला हे का होत नाही? चाळीसगावला आधी सी. सी वर चाळीसगाव आणि चोपडा, त्यात चाळीसगाव पहिलं. एकदाच दाबायचं, एकच डबा. चोपडेकरांना विचारलं पाहिजे :)

काकांनी कागद वाचला म्हणून निभावलं. दाखला होता, पुन्हा भरला. समजा तो अर्ज केळीच्या विम्याचा असता तर? हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरच्या नोंदींवरून. थंडी किती उतरली, ऊन किती चढलं, वारा किती सुटला. गाव चुकलं की मंडळ चुकलं, मंडळ चुकलं की तुमच्या बागेवरचा वारा कागदावर सुटलाच नाही. आणि ते कळणार कधी, तर बाग आडवी झाल्यावर.

आता यावरचा उपाय अवघड आहे का? अजिबात नाही, आणि म्हणूनच चीड येते. डब्यावर चिठ्ठी लावा. प्रत्येक मागणीला एक वाढता क्रमांक द्या, उत्तर आलं की हा क्रमांक शेवटच्या मागणीचाच आहे ना ते बघा, नसेल तर उत्तर फेकून द्या. किंवा त्याहून सोपं, यादी भरण्याआधी एकदा वर बघा की तालुका अजून तोच निवडलेला आहे का. तीन ओळींचं काम. हल्ली तर ब्राउझरमध्ये एबॉर्ट कंट्रोलर आहे, नवी मागणी करताना जुनी रद्द करता येते. गिरणीवाल्याला हाक मारून 'तो पहिला डबा राहू दे' असं सांगण्यासारखं. नव्या यादीत 'गाव निवडा' हे सगळ्यात वर ठेवलं असतं, तरी निदान फॉर्म पुढे गेला नसता. आणि अर्ज स्वीकारताना सर्व्हरने एवढं तरी बघावं की हे गाव या तालुक्यात आहे का! ते तर विसाव्या शतकातही जमत होतं.

मग करत का नाहीत? माझ्या मते कारण आळस नाही. कारण हे आहे की लिहिणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. कोड त्याच्याच मशीनवर, सर्व्हर त्याच्याच मशीनवर, उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. तिथे क्रम उलटणार कसा? काही शहाणे ब्राउझरच्या साधनांमध्ये नेट मुद्दाम हळू करून बघतात. चांगली गोष्ट आहे, पण त्याने सगळ्याच मागण्या सारख्याच हळू होतात. दोघंही मागे पडले तर शर्यत तीच राहते. उलटापालट बघायची असेल तर सर्व्हरवर प्रत्येक उत्तराला वेगवेगळी, फाशांसारखी उशिराची वेळ लावा. शून्य ते पाच सेकंद, कशीही. आमच्या टीममध्ये हे लावलं त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दुसरं कारण भाषेचं. जुन्या काळी कॉलबॅकमध्ये कॉलबॅक असे जिने उतरत जायचे, डोकं फिरायचं, पण निदान आपण काहीतरी अवघड करतोय याची जाणीव असायची. २०१५ मध्ये भाषेत प्रॉमिस आलं, २०१७ मध्ये असिंक-अवेट आलं. कोड वरून खाली सरळ वाचता यायला लागला, आणि माणसाला वाटायला लागलं की तो तसाच सरळ चालतो. अवेट लिहिलेल्या ओळीवर पुढे जाण्याआधी मध्ये जग बदलू शकतं, हे त्या ओळीकडे बघून वाटत नाही. मला असिंक-अवेट आवडतं, रोज वापरतो. पण हल्लीची मुलं (पस्तिशी उलटल्याचा हा पुरावा) एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तीन मागण्यांपुढे तीन अवेट एकाखाली एक लिहितात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. म्हणजे गव्हाचा डबा घेऊन गिरणीत जायचं, दळून होईपर्यंत थांबायचं, घरी यायचं, मग ज्वारीचा घेऊन जायचं. पुण्यात एका फेरीला फारसा वेळ लागत नाही म्हणून खपून जातं. जिथे एका फेरीला दोन सेकंद लागतात तिथे सहा झाले. तिन्ही डबे एकदम ठेवा की! प्रॉमिस-ऑल त्यासाठीच आहे. फक्त त्यात एक डबा सांडला की तो सगळंच फेटाळतो, म्हणून २०२० मध्ये ऑल-सेटल्ड आलं, जे प्रत्येक डब्याचं काय झालं ते वेगवेगळं सांगतं.

डबा सांडण्याबद्दलही बोललं पाहिजे. फेच नावाची जी नवी सोय आहे, तिची एक खोड कित्येकांना माहीतच नसते. सर्व्हरने 'सापडत नाही' म्हणजे ४०४ पाठवलं किंवा 'माझंच डोकं फिरलंय' म्हणजे ५०० पाठवलं, तरी फेच त्याला अपयश मानत नाही. उत्तर आलं ना, मग झालं. ते ठीक आहे की नाही हे आपण वेगळं तपासायचं असतं. आणि स्वतःहून वेळेची मर्यादाही तो घालत नाही, ती आपण घालायची. ही दोन कामं राहिली की जन्माला येतं ते न थांबणारं चक्र. दोस्ताच्या दुकानात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तेच, "ते फिरूच राह्यलं ना भो." फिरतंय म्हणजे चालू आहे की मेलंय, पैसे कटले की नाही, पुन्हा दाबू की थांबू? समोर शेतकरी उभा आहे, त्याची एसटी चारची आहे. त्याला काय सांगायचं?

यावर एक सज्जन मला म्हणाले होते, एवढं लिहायला वेळ कुणाला आहे, चांगली लायब्ररी घ्यायची, ती सगळं सांभाळते. बरोबर आहे, घ्या. चिठ्ठ्या लावायचं, जुनी उत्तरं टाकून द्यायचं काम चांगल्या लायब्ऱ्या खरंच नीट करतात. पण वीस सेकंद उत्तर आलं नाही तर पडद्यावर काय लिहायचं, हे लायब्ररी ठरवत नाही. 'तुमचा अर्ज अजून पोचलेला नाही, पैसे कटलेले नाहीत, पुन्हा दाबलं तरी दोनदा कटणार नाहीत' हे वाक्य कुणीतरी बसून लिहावं लागतं. आणि ते वाक्य खरं ठरावं म्हणून प्रत्येक अर्जाला एकच ओळखक्रमांक देऊन, तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने ओळखावा लागतो. एवढ्या कामाला कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी तिकीट काढत नाही.

दोस्ताने स्वतःपुरता उपाय काढलाय. मॉनिटरच्या कडेला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलाय, त्यावर मार्करने लिहिलंय, 'जामनेर माउसने'. दुकानात नवीन पोरगा कामाला आला की आधी तो वाचायचा.

एक मात्र राहिलं. मुळात गावांची यादी अशी दर वेळी सर्व्हरवरून आणायची गरजच काय? जळगाव जिल्ह्यात गावं साधारण दीड हजार. एका नावाला बारा अक्षरचिन्हं धरली आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, तरी सगळी नावं मिळून पन्नास-पंचावन्न केबी. दाबून पाठवली तर त्याहून बरीच कमी. त्याच पानावर वर जो झेंडे-कमळांचा फिरता फोटो लावलेला असतो, त्यातला एक फोटो याहून मोठा निघेल. गावं काही रोज बदलत नाहीत. जिल्हा निवडला की अख्ख्या जिल्ह्याची यादी एकदाच आणा आणि पानातच ठेवा. मग जे एकदा दाबा, दोनदा दाबा, दहादा दाबा, तालुका बदलल्यावर सर्व्हरकडे जायचंच नाही, त्यामुळे शर्यतही नाही. गिरणीत जायच्या ऐवजी पीठ घरातच.

अर्थात जिल्ह्याच्या खोक्यात चिठ्ठी लावावीच लागेल. तिथे जे एकदा दाबलं की जळगाव येतं आणि दोनदा दाबलं की जालना.